जुनी जिप्सी घ्यायची, पण त्यातली कोणती?

मृगाची पहिली सर पडून काळ्या रानातले रस्ते लोण्यासारखे झाले की खान्देशात जुन्या फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणाऱ्या, गाड्यांची चौकशी सुरू होते. यावल-रावेरच्या केळीपट्ट्यातला बागाईतदार, शिरपूर-चोपड्याकडे सातपुड्याच्या पायथ्याशी शेती असलेला शिक्षक किंवा धडगाव-मोलगीच्या डोंगररस्त्यांवर नेहमी जावे लागणारा कंत्राटदार, या सगळ्यांच्या बोलण्यात एक नाव हमखास येते आणि ते म्हणजे मारुती जिप्सी. ही गाडी सामान्य ग्राहकांना विकणे २०१९ मध्ये बंद झाले. त्यामुळे आज जी मिळेल ती जुनीच असणार आणि प्रत्येक गाडीमागे दोन-चार मालकांचा इतिहास असणार, हे नव्याने घेणाऱ्याने आधीच मान्य करावे.

नवखा माणूस साधारणपणे एकच चूक करतो. तो ‘जिप्सी’ ही एकच गाडी समजतो आणि रंग, टायर व टॉप पाहून भाव करतो. वस्तुतः १९८५ पासून २०१९ पर्यंत जिप्सीचे किमान चार निरनिराळे अवतार झाले. त्यांची इंजिने वेगळी, गिअरबॉक्स वेगळे, चाकांमधील रुंदी वेगळी आणि चालवण्याचा अनुभवही वेगळा आहे. म्हणून आधी कोणता अवतार आपल्या कामाचा हे ठरवावे, त्यानंतर कागदपत्रे तपासावीत, मग गाडीखाली शिरावे आणि सर्वांत शेवटी ती चालवून पाहावी. हा क्रम सहसा उलटा होतो, कारण चालवून पाहिल्यावर माणूस गाडीच्या प्रेमात पडतो आणि मग कागदातल्या खोटी त्याला किरकोळ वाटू लागतात.

आधी आपला रस्ता पाहा

गाडीचे रोजचे काम काय, याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यावे. वर्षातले दहा महिने गाडी जळगाव-भुसावळ किंवा धुळे-शिरपूर अशा डांबरी रस्त्यावर धावणार असेल आणि शेतात फक्त पावसाळ्यात जाणार असेल, तर तुम्हाला पाच गिअर आणि ताकदीचे इंजिन हवे. उलट गाडी गावात राहून शिवारातच फिरणार असेल, वेग कधी चाळीसच्या वर जाणारच नसेल, तर जुने लहान इंजिनही पुरते आणि पैसे वाचतात. महिन्यातून दोनदा शहादा-म्हसावद मार्गे तोरणमाळ चढायचे असेल किंवा चाळीसगावहून कन्नड घाटाने वर जायचे असेल, तर चढणीवर इंजिनाचा दम टिकणे आणि उतरणीवर ब्रेक धरणे या दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या ठरतात.

आणखी एक गोष्ट येथे सांगून टाकतो. जिप्सीला कंपनीकडून एअर कंडिशनर आला नाही, पॉवर स्टिअरिंग नाही, एअरबॅग नाहीत आणि एबीएसही नाही. लोखंडी पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) बसवलेली ही गाडी खड्ड्यात माणसाला उडवते. भुसावळच्या मे महिन्यात आई-वडिलांना घेऊन लग्नाला जाण्यासाठी गाडी हवी असेल, तर हा लेख येथेच सोडावा आणि दुसरी गाडी पाहावी. तशा कामासाठी २०२३ पासून आलेली जिम्नी किंवा २०२० नंतरची थार अधिक योग्य आहे. मात्र थार पाहताना जानेवारी २०२३ पासून ती फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या प्रकारातही विकली जाते, हे लक्षात ठेवून गिअरच्या शेजारी फोर बाय फोरचा वेगळा लिव्हर आहे की नाही ते आधी पाहावे. जिम्नीच्या बाबतीत तो घोळ नाही, कारण आपल्याकडे तिचे सगळेच प्रकार फोर बाय फोर आहेत.

जिप्सीच्या बाजूने एकच गोष्ट आहे, पण ती मोठी आहे. तिचे वजन सुमारे एक टन आहे. काळ्या मातीत जड गाडी चारही चाकांनी जोर लावूनही खोल जाते, तिथे ही हलकी गाडी वरवर निघून जाते. शिवाय तिची रचना इतकी साधी आहे, की अमळनेर किंवा दोंडाईच्यासारख्या गावातला चांगला मिस्त्रीही ती खोलून परत बसवू शकतो.

चार अवतार आणि त्यांची ओळख

पहिली जिप्सी डिसेंबर १९८५ मध्ये आली आणि तिचे सांकेतिक नाव एमजी ४१० असे होते. तिच्यात ९७० सीसीचे, सुमारे ४५ अश्वशक्तीचे कार्ब्युरेटर (हवा-पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा जुन्या पद्धतीचा भाग) असलेले इंजिन आणि चार गिअर होते. तिच्या डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर सुमारे १,२१० मिलिमीटर, म्हणजे गाडीच्या उंचीच्या मानाने फारच कमी होते. वेगात वळण घेताना ती कलते आणि आडव्या उतारावर मनात धाकधूक निर्माण करते. ट्रॅक्टरने पाडलेल्या खोल चाकोरीत एका बाजूचे चाक उतरले, की चालवणाऱ्याचा श्वास क्षणभर अडकतो. अशी गाडी आज मुख्यतः हौशी लोकांनी जपून ठेवण्याजोगी आहे. पहिलीच फोर बाय फोर घेणाऱ्याने तिच्या वाट्याला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

१९९३ मध्ये तिची जागा एमजी ४१० डब्ल्यूने घेतली, जिला सगळे ‘वाइडट्रॅक’ म्हणतात. इंजिन तेच राहिले, पण डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर सुमारे ९० मिलिमीटरने वाढले आणि बाहेर सरकलेली चाके झाकण्यासाठी मडगार्डवर रुंद ओठ आले. एवढ्याशा फरकाने गाडीचा स्वभावच पालटला. हळू चालणाऱ्या शेतगाडीसाठी हा अवतार अजूनही उत्तम आहे, कारण इंजिन साधे आहे, त्यात बिघडण्यासारखे इलेक्ट्रॉनिक काही नाही आणि लो गिअरमध्ये ती गोगलगायीसारखी पण न थांबता चिखलातून वर येते. महामार्गावर मात्र सत्तरच्या पुढे इंजिन ओरडू लागते आणि मागून येणाऱ्या केळीच्या ट्रकचे हॉर्न ऐकत डाव्या कडेने जावे लागते.

१९९६ मध्ये ‘जिप्सी किंग’ आली. सांकेतिक नाव एमजी ४१३ डब्ल्यू, १,२९८ सीसीचे इंजिन, सुमारे ६० अश्वशक्ती आणि पाच गिअर. हे इंजिन मारुतीच्याच एस्टीम कारच्या घराण्यातले, पण इंधनपुरवठा अजून कार्ब्युरेटरनेच होता. त्यानंतर २००० मध्ये याच किंगला सोळा व्हॉल्व्हचे एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणारे, इंजिन मिळाले, ताकद सुमारे ८० अश्वशक्तीवर गेली आणि ब्रेकला व्हॅक्यूम बूस्टर आला. ज्यांनी दोन्ही किंग चालवल्या आहेत त्यांना माहीत आहे, की ताकदीपेक्षा त्या बूस्टरचे महत्त्व अधिक आहे. बूस्टर नसलेल्या जिप्सीचा ब्रेक पाय रोवून दाबावा लागतो आणि तोरणमाळच्या उतरणीवर पिंडरी भरून येते.

कार्ब्युरेटर की एमपीएफआय, हा प्रश्न खान्देशात केवळ मायलेजचा नसून उन्हाचा आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा वेळी इंजिनाच्या उष्णतेने कार्ब्युरेटरकडे जाणाऱ्या नळीतले पेट्रोल उकळून त्याची वाफ होते, पंप ती वाफ ढकलू शकत नाही आणि गाडी बंद पडते. याला मिस्त्री ‘व्हेपर लॉक’ म्हणतात. माझी पहिली कार्ब्युरेटर किंग कन्नड घाटात भर दुपारी दोन वाजता अशीच थांबली होती. पंपावर ओले फडके गुंडाळून तासभर बसून राहिलो आणि ऊन कलल्यावर जणू काही झालेच नव्हते अशा थाटात ती सुरू झाली. एमपीएफआय गाडीत पंप टाकीत असतो आणि पेट्रोल दाबाखाली पुढे येते, त्यामुळे हा त्रास जवळपास होत नाही.

त्यात आता इथेनॉलचीही भर पडली आहे. सध्या पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुन्या गाड्यांचे रबरी पाइप, कार्ब्युरेटरचे डायफ्राम व वॉशर त्यासाठी बनवलेले नव्हते. ते फुगतात, मऊ पडतात आणि गळू लागतात. नव्या प्रकारचे पाइप बसवून हा प्रश्न बराचसा सुटतो, पण कार्ब्युरेटरचे मूळ सुटे भाग आता शोधावे लागतात आणि बाजारातल्या नकली संचावर गाडी कधी नीट चालत नाही.

तेव्हा निर्णय असा करावा. रस्ता आणि शेत अशी दोन्ही कामे असतील तर २००० नंतरची एमपीएफआय किंग घ्यावी, त्यातही जितकी अलीकडची मिळेल तितकी चांगली. काम केवळ शिवारातले असेल, गावात कार्ब्युरेटर जाणणारा जुना मिस्त्री असेल आणि पैसे मोजकेच असतील तर वाइडट्रॅक एक लिटर घ्यावी. १९९६ ते २००० मधली कार्ब्युरेटर किंग ही मला अधलीमधली गाडी वाटते. तिला पाच गिअर आहेत, पण कार्ब्युरेटरचा त्रास आणि बूस्टरविना ब्रेक हे जुनेच आहे. ती अतिशय निगुतीने ठेवलेली आणि मूळ मालकाकडची असेल तरच विचारात घ्यावी.

ही ओळख पटवताना जाळी, बोनेट किंवा मागचे नाव यांवर विसंबू नये. जिप्सीचे पत्रे एकमेकींना बसतात आणि भंगार बाजारात ‘किंग’चे अक्षर वाटेल त्याला मिळते. आधी आरसी बुकातला सीसीचा आकडा पाहावा. ९७० असेल तर ती एक लिटर, १,२९८ असेल तर किंग. मग बोनेट उघडून एअर फिल्टरखाली कार्ब्युरेटर आहे की इंजेक्टर, ते पाहावे. यात सर्वांत जास्त फसगत होते ती इंजिन बदललेल्या गाड्यांत. एक लिटरच्या जिप्सीत एस्टीमचे इंजिन घातलेले असते, क्वचित एखादे डिझेल इंजिनही घातलेले असते आणि विकणारा ते अभिमानाने सांगतो. आरसीवर तो बदल चढवलेला नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे तो बेकायदा आहे आणि अपघात झाल्यावर विमा कंपनी याच मुद्द्यावर हात वर करू शकते. अशी गाडी कितीही छान पळत असली तरी नवख्याने सोडून द्यावी.

मग कागद, आणि तेही गाडीला हात लावण्यापूर्वी

खान्देशची रचनाच अशी आहे की येथे परराज्यातल्या गाड्या सहज येतात. बऱ्हाणपूर, खरगोन, बडवानी आणि सुरत हे सगळे काही तासांच्या अंतरावर आहेत. त्यातच दिल्ली परिसरात जुन्या गाड्यांवर निर्बंध असल्यामुळे तिकडच्या जिप्सीही दलालांमार्फत स्वस्तात येतात. एमएच-१८, एमएच-१९ किंवा एमएच-३९ पासिंगची, म्हणजे धुळे, जळगाव किंवा नंदुरबारची गाडी मिळत असेल तर थोडे जास्त पैसे मोजूनही तीच घ्यावी, असा माझा सल्ला आहे, कारण वाचलेले पैसे बाहेरच्या गाडीच्या कागदांमागे फिरण्यात जातात.

परराज्यातली गाडी घ्यायचीच असेल तर मूळ आरटीओकडून नमुना २८ मधील ना-हरकत प्रमाणपत्र विकणाऱ्यानेच आणून द्यावे, असे ठरवून घ्यावे. ‘एनओसी मागून देतो’ या शब्दावर एक रुपयाही देऊ नये. येथे आल्यावर महाराष्ट्राचा रस्ता कर भरावा लागतो आणि नवा क्रमांक घ्यावा लागतो, तो खर्च सौद्यातच धरावा. नावावर करण्यासाठी नमुना २९ आणि ३० लागतात व गाडीवर कर्ज असेल तर बँकेचा दाखला आणि नमुना ३५ लागतो. कर्ज फिटले असूनही आरसीवरचा बोजा न उतरवलेल्या गाड्या कितीतरी सापडतात, म्हणून विकणाऱ्याच्या तोंडी शब्दापेक्षा परिवहन विभागाच्या ‘वाहन’ संकेतस्थळावर किंवा एमपरिवहन अॅपवर गाडीचा क्रमांक टाकून मालक किती झाले, फिटनेस कधीपर्यंत, बोजा आहे का, दंडाची चलने थकली आहेत का, हे स्वतः पाहावे.

खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर आरटीओत गाडी दाखवून नमुना २५ वर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि महाराष्ट्रात त्यासोबत पर्यावरण करही भरावा लागतो. २०२२ पासून हलक्या चारचाकीच्या नूतनीकरणाचे शुल्क ५,००० रुपये झाले आणि २०२५ मध्ये २० वर्षांवरील गाड्यांसाठी ते वाढवून १०,००० करण्यात आले. म्हणजे १९९५ ची वाइडट्रॅक स्वस्तात मिळाली तरी तिच्यावर दर पाच वर्षांनी हा भार आहेच. ज्या गाडीचे नूतनीकरण नुकतेच झाले आहे तिला म्हणूनच जास्त भाव योग्य ठरतो आणि जिची मुदत संपून वर्षे उलटली आहेत ती गाडी विकणाऱ्याने स्वतः पासिंग करून दिल्याशिवाय घेऊ नये. उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का, तेही याच वेळी पाहावे.

लष्कराच्या लिलावातून आलेल्या जिप्सींचे आकर्षण फार असते. गाडी हिरवी असते, दमदार दिसते आणि भाव ऐकून मोह होतो. लष्करी क्रमांकाची गाडी नागरी नोंदणीत आणायची तर लिलावाची मूळ कागदपत्रे, गाडी ताब्यात दिल्याचा दाखला आणि त्यावरील चेसिस व इंजिन क्रमांक अक्षरशः जुळावे लागतात. ज्याने ही नोंदणी आधीच पूर्ण करून घेतली आहे त्याच्याकडून गाडी खुशाल घ्यावी. ‘कागद आहेत, तुम्ही करून घ्या’ असे जो म्हणतो त्याच्याकडून मात्र कदापि घेऊ नये.

गाडीखाली शिरणे

कागद बरे निघाले की जुने कपडे घालून, टॉर्च आणि लहान हातोडी घेऊन जावे. जिप्सीचा जीव तिच्या चेसिसमध्ये, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यात आहे. पत्रा बदलता येतो, इंजिन बांधता येते, पण गंजलेली चेसिस दुरुस्त करणे म्हणजे नवी गाडी करण्यासारखे आहे. मागचे पाटे जिथे चेसिसला अडकतात ती जागा, मागच्या चाकांच्या वरची कमान आणि बंपरजवळची टोके हातोडीने हलकेच ठोकावीत. खणखणीत आवाज आला तर धातू शाबूत आहे, भद्द आवाज आला तर आतून पोकळ झाला आहे. ताजा काळा डांबरी लेप दिसला तर संशय घ्यावा. माझ्या दुसऱ्या जिप्सीला सीमेपलीकडच्या एका दलालाने असा चकचकीत लेप दिला होता आणि तो पाहून मी ‘किती काळजी घेतली आहे’ म्हणून खूश झालो होतो. पहिल्याच पावसाळ्यात एका पाट्याची शॅकल (पाटा चेसिसला धरणारी कडी) चेसिसमधून तुटून आली आणि लेपाखाली पत्र्याचे ठिगळ आणि पुट्टी निघाली. समुद्रकिनाऱ्याजवळ वापरलेल्या गाडीत हे जास्त आढळते. आपल्या कोरड्या हवेत आयुष्य काढलेली गाडी या एका बाबतीत भाग्यवान असते.

चेसिसवर कोरलेला क्रमांक आरसीशी अक्षर-अक्षर ताडून पाहावा. तो घासलेला, पुन्हा ठोकलेला किंवा जोडाच्या शेजारी असेल तर तिथेच चौकशी थांबवावी.

पुढच्या अॅक्सलच्या दोन्ही टोकांना चाकाच्या आत एक गोल घुमट दिसतो. त्यावर तेल किंवा ग्रीस वाहिलेले असेल तर सील गेले आहे. चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवले आणि खडखडले, तर किंगपिनचे बेअरिंग संपले आहे. याच बेअरिंगमुळे पन्नास-साठच्या वेगात स्टिअरिंग हातात थरथरू लागते आणि विकणारे त्याला ‘टायरचे बॅलन्सिंग’ म्हणून उडवून लावतात. काम फार महाग नाही, पण भावातून वजा करण्याजोगे नक्कीच आहे.

आता एक गोष्ट अवश्य पाहावी, जी नवख्याच्या डोक्यातही येत नाही. पुढच्या अॅक्सलकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट जागेवर आहे का? आवाज कमी व्हावा किंवा पेट्रोल वाचावे म्हणून काही मालक तो काढून माळ्यावर टाकतात आणि मग ती फोर बाय फोर फक्त नावाची उरते. शाफ्ट असेल तर त्याचे क्रॉस (टोकांचे सांधे) हाताने हलवून ढिलाई तपासावी. काही गाड्यांना पुढच्या चाकांच्या मधोमध हाताने फिरवायचे हब असतात, ते दोन्ही फिरतात का हेही पाहावे, कारण एकही हब लागत नसेल तर चिखलात पुढची दोन्ही चाके नुसती पाहत बसतात.

शक्य असेल तर मिस्त्रीला गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (इंजिनाचा जोर पुढे-मागे वाटणारी पेटी) आणि दोन्ही अॅक्सलवरच्या डिफरन्शियलचे तेल बोटावर घ्यायला सांगावे. ते चहासारखे दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे. तापी, गिरणा किंवा अनेरच्या पात्रातून वाळूत फिरलेल्या गाडीत हे फार वेळा सापडते आणि मालक मात्र ‘गाडी फक्त गावात वापरली’ असेच सांगत असतो.

चालवून पाहणे, तेही दोनदा

पहिली भेट सकाळी लवकर घ्यावी आणि आपण येईपर्यंत गाडी सुरू करू नका, असे आदल्या दिवशी सांगून ठेवावे. थंड इंजिन पहिल्या प्रयत्नात सुरू होते का आणि सुरुवातीचा धूर निळा आहे का, ते पाहावे. निळा धूर म्हणजे तेल जळत आहे. दुसरी भेट दुपारी दोन वाजता घ्यावी आणि ती शक्यतो उन्हाळ्यातच असावी. गाडी वीस मिनिटे जागेवर चालू ठेवून तापमानाचा काटा कुठे थांबतो ते पाहावे, मग बंद करून पाच मिनिटांनी पुन्हा सुरू करावी. रेडिएटर बुजलेला असेल, पंखा नीट ओढत नसेल किंवा कार्ब्युरेटर गाडीला वाफेचा त्रास असेल, तर तो याच पाच मिनिटांत दिसतो. सकाळच्या गार हवेत घेतलेल्या गाड्या दुपारी रडवतात, हे खान्देशात वेगळे सांगायला नको.

मग मऊ जमिनीवर जावे. नांगरलेले रान, नदीची वाळू किंवा ओला बांध चालेल, पण डांबरी रस्ता नको. जिप्सीत पुढच्या आणि मागच्या अॅक्सलच्या दरम्यान त्यांच्या वेगातला फरक सामावणारे तिसरे डिफरन्शियल नसते, त्यामुळे कोरड्या डांबरावर फोर बाय फोर लावून वळवले तर सगळी यंत्रणा ताणली जाते. विकणारा स्वतःच डांबरावर तसे करून दाखवत असेल तर त्याने ही गाडी आयुष्यभर अशीच वापरली, असे समजावे. मऊ जमिनीवर आधी फोर एच (चारही चाके, नेहमीचा वेग) आणि मग गाडी पूर्ण थांबवून फोर एल (चारही चाके, कमी वेग पण जास्त जोर) लावावा. लिव्हर दांडगाई न करता बसला पाहिजे. लो मध्ये पहिल्या गिअरवर क्लच सोडून पाय ॲक्सिलरेटरवरून काढावा आणि गाडीला चढावर आपोआप सरकू द्यावे, मग उतारावर त्याच गिअरमध्ये इंजिनच्या जोरावर उतरू द्यावे. चढताना-उतरताना लिव्हर स्वतःहून उडून न्यूट्रलला येत असेल, तर ट्रान्सफर केस खोलावा लागणार आहे. साध्या गिअरबॉक्सची परीक्षाही अशीच करावी. दुसऱ्या गिअरमध्ये वेग घेऊन अचानक पाय काढला आणि गिअर निसटला तर मोठे काम आहे.

रस्त्यावर परतल्यावर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते का, ते मोकळ्या जागी पाहावे. एमपीएफआय किंगमध्ये चावी फिरवल्यावर इंजिनचा दिवा लागून सुरू झाल्यावर विझला पाहिजे. तो मुळीच लागत नसेल तर कोणीतरी बल्बच काढला असावा, असा संशय घ्यावा.

टॉप आणि टायर

या दोन गोष्टींवर लोक सर्वांत जास्त बोलतात आणि त्यांचे महत्त्व सर्वांत कमी आहे. कापडी टॉप हलका आणि देखणा असतो, पण खान्देशातली धूळ त्यातून आत येते आणि उन्हाने तो लवकर फाटतो. हार्ड टॉप गरम होतो, पण सामान सुरक्षित राहते आणि पावसात माणूस कोरडा राहतो. कुटुंबाला हार्ड टॉप, एकट्याला काहीही. मागे आडव्या बाकांवर किती माणसे बसवता येतात हे आरसीवरील आसनसंख्येवरून ठरवावे, लग्नाच्या वऱ्हाडावरून नव्हे.

टायर मात्र मोठे घालण्याचा हव्यास करू नये. रुंद टायर काळ्या मातीत गाऱ्याने भरून गुळगुळीत चाक बनतो आणि मडगार्डमध्ये माती अडकून चाक फिरेनासे होते. मूळ मापाच्या जवळचा, अरुंद आणि खोल नक्षीचा टायर ही माती फेकून देतो. विकणाऱ्याने फार मोठे टायर व लिफ्ट किट (गाडी उंच करणारा संच) बसवले असेल तर पाटे, क्रॉस आणि स्टिअरिंगवर किती ताण आला असेल, याचा हिशेब भावात धरावा.

सौदा आणि पहिला आठवडा

भाव करताना दोष मोजून सांगावेत आणि प्रत्येकाचा खर्च मिस्त्रीकडून आधीच विचारून ठेवावा. ‘गाडी कशी शे?’ या प्रश्नाला आपल्याकडे नेहमी ‘एकदम कडक’ असेच उत्तर मिळते, तेव्हा प्रश्नापेक्षा हातोडी बरी. ठरलेल्या रकमेपैकी मोठा भाग नाव चढेपर्यंत रोखून धरावा आणि तसे साध्या कागदावर दोघांच्या सह्यांनिशी लिहून घ्यावे. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत हस्तांतरण कळवायचे असते, तर विकत घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव चढवण्याचा अर्ज करायचा असतो. विमाही आपल्या नावावर लगेच करून घ्यावा. याशिवाय गाडीच्या किमतीच्या साधारण चौथ्या हिश्शाएवढी रक्कम पहिल्या दुरुस्तीसाठी बाजूला असावी. ती नसेल तर कमी किमतीची गाडी शोधावी, कारण जिप्सी घेतल्यावर लगेच पैसे मागते.

गाडी घरी आली की पहिल्याच आठवड्यात टायमिंग बेल्ट बदलावा, मागच्या मालकाने बदलल्याचे कितीही सांगितले तरी. त्यासोबत इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि पुढचे-मागचे डिफरन्शियल यांचे तेल, पेट्रोलचे सगळे रबरी पाइप, कूलंट, ब्रेक ऑइल व एअर फिल्टर नवे घालावेत. केळीच्या बागांतल्या आणि कापसाच्या रानातल्या धुळीत तो फिल्टर पुस्तकात लिहिलेल्या मुदतीच्या निम्म्या काळातच भरतो, म्हणून पुढचा एक फिल्टर गाडीतच ठेवावा. त्यानंतर पंधरा-वीस दिवस गाडी गावाच्या आसपास चालवावी, गळती कुठे दिसते ते अंगणात खाली पुठ्ठा टाकून पाहावे आणि पुठ्ठा कोरडा राहिला की मगच तोरणमाळचा रस्ता धरावा.